मदत हवी आहे: एम.ए. राज्यशास्त्र, जेएनयू की दिल्ली विद्यापीठ?

मंडळी, भाचीने सीयूईटी-पीजी ही पदव्युत्तर प्रवेशाची सामाईक परीक्षा दिली आहे आणि तिच्यासमोर हे दोनच पर्याय आहेत. एनआयआरएफ २०२४ मध्ये, म्हणजे केंद्राच्या शिक्षणसंस्था क्रमवारीत, विद्यापीठांच्या यादीत जेएनयू दुसरं, दिल्ली सहावं. पण ते क्रमांक अख्ख्या विद्यापीठाचे. राज्यशास्त्राची वेगळी यादी एनआयआरएफ काढतच नाही. म्हणून विभागाबद्दल नेमकं विचारते.

तिला पुढे पंचायत राज, म्हणजे ७३व्या घटनादुरुस्तीनंतरचं स्थानिक राजकारण, यावर पीएच.डी. करायची आहे. अभ्यासक्रमाच्या पीडीएफमध्ये ऐच्छिक विषय भरपूर दिसतात, पण शिकवणारे प्राध्यापक रजेवर असले की तो विषय त्या सत्रात उघडतच नाही. तर गेल्या दोन सत्रांत भारतीय राजकारणाचे कोणते ऐच्छिक विषय खरोखर चालले? वर्गात साधारण किती जण असतात? टर्म पेपर तपासून शेऱ्यांसह परत मिळतो का? माझ्या मते निवड यावरच व्हावी.

दिल्ली विद्यापीठात कॉलेजांचा पसंतीक्रमही द्यावा लागतो. ट्यूटोरियल (छोट्या गटांचे तास) नियमित होणारी कॉलेजं कोणती? जेएनयूत पहिल्याच वर्षी मुलींना वसतिगृह मिळतं का, की आधी जवळच्या मुनिरकात खोली बघावी?

दोन्हीकडचे अर्ज स्वतंत्र भरले आहेत. ओबीसी नॉन-क्रीमिलेअर दाखला केंद्राच्या नमुन्यात, १ एप्रिलनंतरचा काढलाय. राज्याच्या नमुन्यातला तिथे चालत नाही. पुणे विद्यापीठाचं मायग्रेशन (विद्यापीठ बदलण्याचं) प्रमाणपत्र मात्र अजून हाती नाही. त्यासाठी हमीपत्रावर मुदत मिळते का? अलीकडे प्रवेश घेतलेल्यांनी कृपया सांगा.