मदत हवी आहे: फौजीच्या बायकोचं बाळंतपण, कामठी की अमरावती?

मी वरूड तालुक्यातल्या खेड्यात सासरी राहते. नवरा सैन्यात नाईक, पोस्टिंग फील्डला, त्यामुळे क्वार्टर नाही. आठवा महिना चालू आहे. पहिलं सिझर झालेलं, म्हणून ग्रामीण रुग्णालयातल्या मॅडमनी आताच सांगून टाकलं की इथं ठेवणार नाही, पुढं पाठवू.

पुढं म्हणजे कुठं? कामठीच्या मिलिटरी हॉस्पिटलात पैसे लागत नाहीत, नवऱ्याचा आग्रह तिथलाच. पण ते शंभर किलोमीटरच्या आसपास. सासूबाई म्हणतात, "रातच्याले गाडी मधातच बंद पडली त कोणाले हाका मारशीन वं?" अमरावतीत ओळखीच्या डॉक्टर आहेत, पण दवाखाना खाजगी. तिथला खर्च खिशातून, आणि संत्र्याचे पैसे अजून व्यापाऱ्याकडेच अडकलेत.

सासरेही माजी सैनिक. त्यांचं ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड आहे. योजनेच्या पॉलिक्लिनिकमधून (दवाखान्यातून) रेफरल घेतला की पॅनेलवरच्या खाजगी हॉस्पिटलात कॅशलेस. पण ही २००३ ची योजना निवृत्तांची, सून त्यात बसत नाही. म्हणजे खाजगीचं दार पेन्शनीत गेल्यावर उघडतं, लेकरं व्हायच्या वयात नाही! हे कोणी ठरवलं देव जाणे.

घाईत खाजगीत जावं लागलं तर पैसे परत मिळतात का? कोणाला अनुभव आहे का?

प्रतिसाद १ (माजी सुभेदार)
ताई, इमर्जन्सी असेल तर क्लेम करता येतो, पण नुसतं 'अमरावती जवळ पडते' हे कारण चालत नाही. भरती झाल्याबरोबर युनिटला आणि कामठीच्या एमएचला लेखी कळवायचं. डिस्चार्ज कार्ड, मूळ बिलं, डॉक्टरचं इमर्जन्सी सर्टिफिकेट जपून ठेवा. मिळालं तरी सरकारी दरानंच मिळतं, बिलाइतकं नाही. माझं मत विचाराल तर जुनं सिझर आहे, कळांची वाट पाहूच नका. आत्ताच कामठीला नाव नोंदवा, तारीख घ्या, आधी जाऊन राहा. आणि लग्नाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सैन्याच्या रेकॉर्डमध्ये नोंद, झालीये ना? बायकोचं डिपेंडंट कार्ड त्यावरच निघतं.

प्रतिसाद २
१०२ ची गाडी गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात न्यायला फुकट असते. नंबर आशाताईंकडे देऊन ठेवा.

धागाकर्ती
धन्यवाद काका. पार्ट टू झालीये, पण कार्डावर माझं माहेरचं नाव आहे आणि आधारवर सासरचं. कामठीला अडवतील का?