दादाला पहिल्यांदाच फिट आली, गोळ्या लगेच सुरू करायच्या का?

धाकटा_चाकण: दादा ३४ वर्षांचा. नाइट करून सकाळी घरी आला, चहा पिताना हातातला कप उडाला आणि खाली पडून झटके सुरू. शेजारच्या काकूंनी चप्पल हुंगवली, आई दातांत चमचा घालायला धावली. दोनेक मिनिटांत थांबलं, पण नंतर बराच वेळ आईलाच ओळखेना. जीभ कडेला चावली गेलीय. शुगर, सोडियम, एमआरआय, ईईजी (मेंदूच्या लहरींची तपासणी) सगळं नॉर्मल. एक डॉक्टर म्हणतात गोळी सुरू करा, दुसरे म्हणतात थांबू. घरात यावरून रोज वाद.

रातपाळी_डॉक्टर: मी कॅज्युअल्टीत असतो. कडेला चावलेली जीभ आणि नंतरचा गोंधळ म्हणजे साधी चक्कर वाटत नाही. दोघंही डॉक्टर चूक नाहीत. पहिल्या फिटनंतर दोन वर्षांत पुन्हा येण्याची शक्यता साधारण २१ ते ४५ टक्के. गोळीने ती कमी होते, पण काही वर्षांनंतरचं चित्र दोन्हीकडे जवळपास सारखंच. एक ईईजी नॉर्मल आला म्हणून विषय संपत नाही, जागरण करवून पुन्हा काढतात. दारू अचानक सोडली का? दुखण्यावर ट्रॅमाडॉल चालू होतं का? आणि मुख्य म्हणजे ही खरंच पहिली का? सकाळी हाताला झटका बसून वस्तू उडतात का, ते त्याला एकट्याला विचारा. आईसमोर नाही सांगणार.

माळकरीण: आमच्या लेकाच्या एमआरआयमध्ये मेंदूत जंताची गाठ निघाली. घरात कधी अंडंसुद्धा शिजलं नाही, तरी! न धुतलेल्या पालेभाजीतून जंताची अंडी पोटात जातात म्हणे. त्याला गोळी लगेच लावली.

रातपाळी_डॉक्टर: बरोबर, कारण सापडलं की हिशेब बदलतो.

धाकटा_चाकण: विचारलं. कॉलेजपासून सकाळी ब्रश हातातून उडतो म्हणाला! जागरण झालं की जास्त. आम्ही त्याला धांदरट म्हणायचो.

रातपाळी_डॉक्टर: मग हे न्यूरोलॉजिस्टना शब्द न शब्द सांगा. हा मायोक्लोनिक प्रकार, म्हणजे हातापायाला असे अचानक झटके बसणारा, असेल तर बहुतेक गोळी सुरूच करतील, आणि कोणती हेही बदलेल, कार्बामाझेपिन या फिटच्या गोळीने असे झटके वाढू शकतात. तोवर नाइट बंद, बाइक बंद, मशीनवर उभं राहणं बंद. पुन्हा आली तर कुशीवर वळवा, घड्याळ बघा, एकाने मोबाइलवर शूटिंग घ्या. पाच मिनिटांवर गेली तर सरळ १०८. आणि तो चमचा डब्यात राहू द्या.