स्नोबोर्डचे बाइंडिंग बदलायचे आहे : मध्यम पातळीवर किती ताठ घ्यावे?

हिमपावले :
मंडळी, नमस्कार. मी कॅनडात कॅलगरी येथे राहते आणि हिवाळ्यात जमेल त्या शनिवारी सनशाइन व्हिलेज किंवा लेक लुईस येथे स्नोबोर्डिंगसाठी जाते. हा माझा तिसरा हंगाम आहे. निळ्या दर्जाच्या (मध्यम अवघड) उतारांवर दोन्ही कडांनी वळणे घेत न अडखळता खाली येता येते. मात्र उतार तीव्र झाला आणि वेग वाढला की टाचेच्या कडेवरून चवड्याच्या कडेवर जाताना बोर्ड क्षणभर उशिरा वळतो. बाइंडिंगचे, म्हणजे बूट बोर्डाला जखडणाऱ्या चौकटीचे, पट्टे घट्ट आवळले तर तासाभरात बोटे बधिर होतात, आणि सैल केले तर टाच उचलली जाते.

बोर्ड १४९ सेंटीमीटरचा, मध्यम ताठपणाचा आहे. बूट गेल्या वर्षी नवे घेतले, त्यांचे माप मोंडो पद्धतीने (पावलाची लांबी सेंटीमीटरमध्ये) २४ आहे. बाइंडिंग मात्र जुन्या, वापरलेल्या बोर्डाबरोबर आलेले आहे. दुकानातील विक्रेत्याने १० पैकी ८ ताठपणाचे बाइंडिंग सुचवले, म्हणजे वळणातला उशीर जाईल असे त्याचे म्हणणे. शिवाय लिफ्टवरून उतरल्यावर दर खेपेला बर्फात बसून मागचा पाय बांधण्याचा कंटाळा आल्यामुळे बिनपट्ट्यांच्या प्रकाराचाही मोह होतो आहे. खर्चाची मर्यादा ४०० कॅनेडियन डॉलर आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुनेखोड :
ताठपणाच्या आकड्याकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट पाहून सांगा : सध्याच्या बाइंडिंगवर कोणते माप छापलेले आहे? तळपट्टीच्या खालच्या बाजूला किंवा हायबॅकच्या (पोटरीमागच्या उभ्या टेकूच्या) आत एस, एम, एल असे अक्षर सापडेल. बूट घालून बाइंडिंगमध्ये पाय ठेवा आणि पट्टे न लावता टाच डावीकडे-उजवीकडे हलते का, तेही पाहा.

हिमपावले :
पाहिले. तळपट्टीवर एल लिहिलेले आहे. टाच दोन्ही बाजूंना बोटभर हलते. चवड्याचा पट्टा शेवटच्या दात्यापर्यंत ओढावा लागतो, तरीही तो बुटाच्या टोकावरून निसटतो.

जुनेखोड :
मग विक्रेत्याचा सल्ला म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. तुमची अडचण ताठपणाची नसून मापाची आहे. टाचेच्या कडेवर जाताना आपण पोटरीने हायबॅक दाबतो आणि त्यामुळे बोर्डाची चवड्याकडची बाजू वर येते. चवड्याच्या कडेवर जाताना याच्या उलट घडते, म्हणजे घोट्यावरचा पट्टा बोर्डाची टाचेकडची बाजू वर खेचतो. बूट बाइंडिंगमध्ये सैल असेल तर आधी तो मोकळी जागा भरून काढतो, मग पट्ट्यावर ताण येतो आणि त्यानंतर बोर्ड वळतो. तुम्हाला जाणवणारा क्षणभराचा उशीर तो हाच. तो भरून काढण्यासाठी तुम्ही घोट्यावरचा पट्टा अवाजवी आवळता, म्हणून बोटे बधिर होतात. आठ ताठपणाचे एल घेतले असते तरी टाच तितकीच हलली असती.

मोंडो २४ साठी स्त्रियांच्या बाइंडिंगमध्ये बहुतेक कंपन्यांचे एस किंवा एम बसते, पण हे अक्षर कंपनीगणिक बदलते. त्यामुळे तक्त्यावर विसंबू नका, स्वतःचे बूट दुकानात घेऊन जा. बूट हायबॅकच्या कमानीत टेकला पाहिजे, बाजूंना हलता कामा नये, आणि घोट्याचा पट्टा लावल्यावर त्याचे मधले गादीदार अंग बुटाच्या बरोबर मध्यावर आले पाहिजे.

ताठपणाविषयी म्हणाल, तर मध्यम पातळीवर १० पैकी ५ किंवा ६ पुरेसे असते. त्याहून ताठ बाइंडिंग वेगात स्थिर राहते, पण पायाची प्रत्येक बारीक चूकही बोर्डापर्यंत पोहोचवते, आणि आपल्या पातळीवर चुका बऱ्याच होतात. शिवाय प्रत्येक कंपनीचा ६ वेगळा असतो, तेव्हा हायबॅक हाताने वाकवून पाहणे हीच खरी परीक्षा.

कॅलगरीकर :
जुनेखोड यांच्याशी सहमत आहे. पट्ट्यांच्या बाइंडिंगमध्ये युनियन कंपनीचे ट्रिलॉजी आणि बर्टन कंपनीचे लेक्सा ही स्त्रियांसाठीची दोन मॉडेल्स पाहून ठेवा. विकत घेण्यापूर्वी तुमच्या बोर्डावर बाइंडिंग बसवण्याची छिद्रे कशी आहेत ते तपासा. बर्टनच्या बोर्डावर चॅनेल नावाची लांब खाच असते, इतर बहुतेक बोर्डांवर छिद्रांचे गट असतात. बर्टनचे ईएसटी प्रकारचे बाइंडिंग फक्त चॅनेलवर बसते, री-फ्लेक्स दोन्हींवर बसते. सवलतीच्या टोपलीत नेमके ईएसटीच उरलेले दिसते, म्हणून हे सांगतो.

आता बिनपट्ट्यांच्या प्रकाराविषयी. बर्टनचे स्टेप ऑन २०१७ साली बाजारात आले. त्यात बुटाच्या चवड्याशी दोन आणि टाचेशी एक अशा तीन ठिकाणी बूट अडकतो. मी गेले दोन हंगाम तेच वापरतो, आणि सनशाइनच्या सपाट भागांवर एक पाय मोकळा करून ढकलत जाणे व पुन्हा उभ्याउभ्या अडकवणे यासारखे सुख नाही. तथापि त्यासाठी स्टेप ऑनचेच बूट लागतात. तुमचे बूट एका वर्षाचेच आहेत आणि बूट-बाइंडिंग मिळून खर्च ४०० डॉलरच्या बराच पुढे जाईल. नायडेकरचे सुपरमॅटिक साध्या बुटांना चालते, पण ते वजनाला जड आहे आणि किंमतही मर्यादेत बसणे कठीण.

जुनेखोड :
१९९०च्या दशकात असेच पाऊल ठेवताच अडकणारे प्रकार निघाले होते, आणि बुटाखाली बर्फ साचला की ते अडकत नसत. आजची रचना निश्चितच सुधारलेली आहे, तरी भुसभुशीत बर्फात बुटाचा तळ खरवडून साफ करावा लागतो, हे कॅलगरीकर नाकारणार नाहीत.

कॅलगरीकर :
नाकारत नाही. ताज्या बर्फाच्या दिवशी शिव्याही घालतो.

सह्यभटक्या :
मी पुण्याचा असून बर्फाशी संबंध गुलमर्गपुरताच आहे, तरी एक मुद्दा जोडतो. तिथे गोंडोलात (रोपवेच्या डब्यात) बसताना दोन्ही पाय मोकळे करून बोर्ड हातात घ्यावा लागतो आणि दुसऱ्या टप्प्याने अफरवट डोंगरावर सुमारे ३,९५० मीटरवर पोहोचल्यावर सगळे पुन्हा बांधावे लागते. बाइंडिंगचा एखादा भाग तुटला तर तो तिथे मिळेलच याची खात्री नसते. पट्ट्याची दातेरी पट्टी आणि रॅचेट (ती ओढून आवळणारी कळ) सुटे मिळतात, खिशात मावतात आणि पाच मिनिटांत बदलता येतात. थंडीत दातेरी पट्टीचे प्लास्टिक ठिसूळ होते, तेव्हा एक जादा जोडी जवळ असू द्यावी. कॅलगरीच्या थंडीत तर हे अधिकच लागू पडेल.

हिमपावले :
सर्वांचे आभार. काल बूट घेऊन दुसऱ्या दुकानात गेले. एका कंपनीचे एस बुटाला बाजूंनी दाबत होते. दुसऱ्या कंपनीचे एम नेमके बसले, टाच जराही हलली नाही. ताठपणा ६ आहे आणि किंमत मर्यादेत आहे. बिनपट्ट्यांचा विचार हे बूट झिजेपर्यंत बाजूला ठेवला आहे. आता बसवताना काय पाहावे?

जुनेखोड :
टाच आणि चवडा बोर्डाच्या कडेबाहेर सारखे यावेत. एका बाजूने जास्त आले तर वळणात बूट बर्फाला घासतो. बाइंडिंग बोर्डाला जोडणाऱ्या मधल्या तबकडीतल्या खाचा बोर्डाला आडव्या ठेवल्या तर टाच-चवड्याचा तोल साधता येतो, उभ्या ठेवल्या तर दोन पायांतले अंतर. प्रथम तोल साधा. कोनांसाठी पुढचा पाय अधिक १५ अंश आणि मागचा उणे ९ अंशांपासून सुरुवात करा (अधिक म्हणजे चवडा बोर्डाच्या पुढच्या टोकाकडे, उणे म्हणजे मागच्या टोकाकडे). गुडघा आत वळतो आहे असे वाटले तर तीन-तीन अंशांनी बदला, दोन्ही पायांचे कोन एकदम बदलू नका. हायबॅकचा पुढचा कल सुरुवातीला शून्यावर किंवा त्याच्या जवळ असू द्या, कारण तो वाढवला की टाचेची कड लवकर लागते खरी, पण मांड्या दुपारच्या आतच भरून येतात.

स्क्रूसाठी तीन क्रमांकाचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर घ्या. लहान टोकाने डोक्यावरची खाच खराब होते. स्क्रू पक्के करण्याचा चिकट द्रव वापरू नका, काही तबकड्यांच्या प्लास्टिकला त्याने तडे जातात. त्याऐवजी पहिल्या दिवशी दोन फेऱ्या झाल्या की लिफ्टपाशी थांबून आठही स्क्रू पुन्हा आवळा.