लॅपलंडच्या ट्रिपमध्ये सामी संग्रहालयाला पाऊण तास: न्यावं की वगळावं?

उत्तरेकडे
एका सेमिस्टरपुरती फिनलंडमध्ये ओउलूला आले आहे. इथे आलेल्या परदेशी मुलांची लॅपलंडची, म्हणजे देशाच्या अगदी उत्तरेच्या भागाची, ट्रिप ठरलेली असते. हस्की कुत्र्यांच्या गाड्या, रेनडिअरला चारा घालणं, सॉना, आणि वाटेत इनारी गावातलं सीदा, म्हणजे सामी या उत्तर युरोपातल्या आदिवासी लोकांचं संग्रहालय. आम्हाला तिथे पाऊण तास मिळाला. त्यातला पाव तास जॅकेटं काढून ठेवण्यात आणि स्वच्छतागृहाच्या रांगेत गेला.

माझं म्हणणं सरळ आहे. एवढंच देता येत असेल तर परदेशी विद्यार्थ्यांना तिथे नेऊ नये.

तिथल्या कायम प्रदर्शनाच्या नावाचा अर्थ आहे ‘या भूमी आमची लेकरं आहेत’. मी त्या नावापाशीच अडकले. आपण जमिनीला काळी आई म्हणतो. आई आपल्याला पोसते, आपण तिच्याकडे मागतो. इथे नातं उलटं आहे. जमीन लेकरू असेल तर तिला जपायचं, वाढवायचं, पुढच्यांच्या हाती धड सोपवायचं. हे डोक्यात उतरेपर्यंत आमच्या ग्रुप लीडरनं हाक मारली.

आत ज्या वस्तू आहेत त्यांच्यामागची गोष्टही साधी नाही. १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन फौजांनी लॅपलंडमधली गावंच्या गावं जाळली. जे वाचलं ते हातचं जाऊ नये म्हणून सामींनी १९५९ मध्ये स्वतःचं संग्रहालय उभं केलं. हेलसिंकीच्या राष्ट्रीय संग्रहालयातल्या २,२०० हून जास्त सामी वस्तू २०२१ मध्ये इथे परत आल्या. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी त्या वस्तू शिवल्या, कोरल्या, त्यांना त्या बघायला इतकी वर्षं राजधानी गाठावी लागत होती.

आणि बसमध्ये परत आल्यावर आमच्यातल्या एकानं वाटेतल्या दुकानातून घेतलेली चार टोकांची निळी-लाल पॉलिस्टरची टोपी, सामींच्या टोपीची नक्कल, चढवली. सगळ्यांनी तीच घालून फोटो काढले. सामींचा गाक्ती, म्हणजे पारंपरिक पोशाख, बघून जाणत्या माणसाला कळतं की हा कुठला, कुणाच्या घरातला. ते आतून बघून आलेली मुलं अर्ध्या तासात त्याचं सोंग करत होती. मला फार वाईट वाटलं.

खडूफळा
ताई, तुमची कळकळ पोचली, निष्कर्ष पटला नाही.

आठवीत आमची शाळेची सहल अजिंठ्याला गेली होती. सर सारखे शिट्टी वाजवत होते, एसटी सुटायची होती. पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर मी फार तर दोन मिनिटं उभा राहिलो असेन. त्या दोन मिनिटांपायी पुढे चार वेळा गेलो, आणि आज मुलांना इतिहास शिकवतो. बाकीचे एकोणचाळीस जण माकडांना चणे घालत होते म्हणून सहल रद्द करायला हवी होती का?

तुम्हीही त्या पाऊण तासातच ‘लेकरं’ या शब्दापाशी थांबलात ना? मग पाऊण तास वाया कसा गेला? शिवाय सीदा हे काही कुणी दुसऱ्यानं सामींना काचेत मांडून ठेवलेलं ठिकाण नाही. त्यांचं ते त्यांनीच मांडलंय, आणि २०२४ मध्ये ते युरोपातलं त्या वर्षीचं सर्वोत्तम संग्रहालय ठरलं. लोकांनी यावं म्हणूनच दार उघडं ठेवलंय. आपण बाहेरून ‘येऊ नका’ म्हणणारे कोण?

उत्तरेकडे
सर, पद्मपाणीचे नातेवाईक तिकीटखिडकीशी बसलेले नसतात. इथे असतात. एवढाच फरक आहे, पण माझ्यासाठी तो मोठा आहे.

ट्रोम्सो मुक्कामी
सहा वर्षं नॉर्वेत आहे. तुम्ही दोघं तासांचा हिशेब करताय, मला खरी अडचण वेगळीच दिसते. बाहेरचा विद्यार्थी बाहेर पडताना म्हणतो, “सामी असे राहत *होते*.”

इथल्या, नॉर्वेतल्या, कराशोकच्या सामी संग्रहालयात एक ढोल आहे. १६९१ मध्ये तो अँडर्स पौल्सेन नावाच्या म्हाताऱ्या सामी माणसाकडून जप्त केला गेला. जादूटोण्याचा खटला चालला, आणि निकाल लागण्याआधीच त्याचा खून झाला. ढोल कोपनहेगनला गेला. १९७९ पासून कराशोकला होता, पण उसना! मालकी परत मिळाली ती २०२२ मध्ये. तीनशेहून जास्त वर्षांनी. ही गोष्ट आता-आताची आहे. फोसेनच्या पवनचक्क्यांमुळे सामींच्या हक्कांवर गदा आली, असा नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये निकाल दिला. तरी पवनचक्क्या फिरत राहिल्या, म्हणून २०२३ मध्ये सामी तरुण ओस्लोत मंत्रालयाच्या दारात बसले.

इनारीतच फिनलंडची सामी संसद आहे. तिथली इनारी सामी भाषा बोलणारे काही शेच उरले होते. १९९७ पासून इनारी सामींनी बालवाडीच्या वयाच्या मुलांसाठी ‘भाषेची घरटी’ चालवली, जिथे दिवसभर कानावर तीच भाषा पडते. त्या घरट्यांतून वाढलेली पोरं आज मोठी झालीत. एक्स्चेंजच्या मुलांना हे कुणी सांगतं का? वेळ दुप्पट करा, पण हे नाही सांगितलं तर टोपीवाला टोपी घेणारच.

पालघरची
मी वारली आहे, म्हणून लिहिते.

आमच्याकडे लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवरचं चित्र, सवाशिणी काढतात. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाते, देवांना बोलावते, तेव्हा त्या भिंतीला अर्थ येतो. आता तेच चित्र कुठल्याही शहरात कॉफीच्या कपावर आणि उशीवर मिळतं. आमचे चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी ते कागदावर आणलं आणि जगात नेलं याचा आम्हाला अभिमान आहे. उशीचा नाही. तेव्हा त्या टोपीनं सामींना काय वाटत असेल ते मला समजतं. फिनलंडच्या सामी संसदेनं २०१८ मध्ये पर्यटनासाठी तत्त्वं ठरवली ती उगाच नाही.

पण उत्तरेकडे ताई, एक विचारते, राग मानू नका. तुम्ही पुण्याच्या का? क्वीन्स गार्डनचं आदिवासी संग्रहालय पाहिलंय? कॉलेजमध्ये माझ्या वर्गातल्या एकीनंही ते पाहिलेलं नव्हतं. माझ्याशी मात्र सगळ्या विचारायच्या, “तुम्ही अजून झोपडीत राहता का?” पाऊण तास का होईना, त्या तिथे जाऊन आल्या असत्या तर मला चाललं असतं. न येण्यापेक्षा घाईत येणारा बरा, असं मी आतल्या बाजूनं सांगते.

उत्तरेकडे
नाही पाहिलेलं. अठरा वर्षं पुण्यात काढली, त्या रस्त्यानं शेकडो वेळा गेले, पण आत कधीच गेले नाही. तुम्ही विचारलंत ते बरं झालं. ‘नेऊच नये’ हे माझं म्हणणं मागे घेते.

टोपीचं मात्र सोडत नाही. ट्रोम्सोकरांचं ऐकून ट्रिप ठरवणाऱ्यांना आजच लिहिलं. पुढची बस मार्चमध्ये आहे. रेनडिअर फार्मची दुपार सीदाला द्या, आणि ओउलूतून निघायच्या आदल्या संध्याकाळी विद्यापीठातल्या सामी विभागातल्या कुणाला तरी मानधन देऊन तासभर बोलायला बोलवा, असं सुचवलंय.

खडूफळा
आणि त्यांनी नाही म्हटलं तर?

उत्तरेकडे
तर बसमध्ये माईक मागून मीच बोलेन. ढोलाची गोष्ट सांगायला दहा मिनिटं पुरतात.