स्केचिंगसाठी तुम्ही काय वापरता? डिजिटलला कुठून सुरुवात करू?

रेघोट्या:
शाळेत इंटरमिजिएट दिली होती, त्यानंतर ब्रश हातात धरला नाही. आता परत सुरू करायचंय, थोडं डिजिटलपण शिकायचंय. स्क्रीनवाला टॅबलेट लागतोच का? बजेट फार नाहीये.

काळा_कोळसा:
आधी कागदावरच कर रे. एचबी, २बी, ६बी (बी पुढचा आकडा मोठा तशी मऊ आणि गडद) एवढ्या तीन पेन्सिली बास, बाराचा सेट घेऊन अर्ध्या तशाच पडून राहतात. साधा खोडरबर कागद खरवडतो म्हणून नीडेड इरेझर घे, तो मळून टोक काढता येतं आणि शेडिंगमधला लाइट हलकेच टिपून उचलता येतो, माझ्या मते सगळ्या सामानात ह्याच्यासारखी वस्तू नाही. इंकिंगला, म्हणजे पेन्सिलवरून शाईने रेषा पक्क्या करायला, मायक्रॉन पेन, शाई वॉटरप्रूफ असते, सुकली की वरून वॉटरकलर बिनधास्त. फक्त कागद ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड) बघ, पातळ कागद पाणी लागलं की फुगतो.

पिक्सेलवाली:
स्क्रीनवाला नको गं/रे (जे असेल ते 😄), साधा पेन टॅबलेट (बिनस्क्रीनची पाटी, कॉम्प्युटरला जोडायची) चालतो, मात्र बघायचं मॉनिटरवर आणि हात टेबलावर, ह्याची सवय व्हायला वेळ लागतो. सॉफ्टवेअर क्रिटा, पूर्ण फुकट. त्यात कीबोर्डवर ई दाबलं की हातातला ब्रशच खोडरबर होतो, आणि एम दाबून चित्र उलटं आरशात बघ, चेहऱ्याचा वाकडेपणा लगेच दिसतो. प्रेशर लेव्हल (पेनचा दाब किती बारकाईने ओळखतो ते) ८१९२ वगैरे जाहिरातीकडे लक्ष देऊ नकोस, हाताला फरक कळत नाही.

रेघोट्या:
गंच 😄 नीडेड इरेझर उद्याच आणते, टॅबलेट पगार झाल्यावर.