मदत हवी आहे: तिसरीतल्या मुलीसाठी जादा विषय कोणता निवडावा?

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी तिसरीत आहे. शाळेत यंदा नेहमीच्या विषयांशिवाय एक जादा विषय घ्यायचा आहे: संगीत, चित्रकला, बुद्धिबळ किंवा कोडिंग. मध्येच बदलता येत नाही, म्हणून नीट विचार करून ठरवायचंय.

तिचा ओढा आकारांकडे आहे. टॅनग्रामचे (आकार जुळवायच्या कोड्याचे) ७ तुकडे घेऊन बसली की हाकसुद्धा ऐकू येत नाही. नमुन्यातलं बदक जुळलं की लगेच मोडते आणि स्वतःच्या मनाचं काहीतरी रचते. म्हणून चित्रकला बरी वाटते. पण सगळ्या मुलांनी फळ्यावरचं एकच चित्र उतरवायचं असेल, तर तिचा हा गुण मरेल अशी भीती वाटते.

कोडिंगला स्क्रॅच शिकवणार आहेत. ते ८ ते १६ वर्षांच्या मुलांसाठीच आहे, स्क्रीनवरचे ठोकळे जोडून प्रोग्राम करायचा असतो, त्यामुळे टायपिंगवाचून अडत नाही. तिला आवडेल, पण स्क्रीनसमोरचा वेळ वाढायला नको. बुद्धिबळात तिला रस नाही. संगीताबद्दल मला काहीच अंदाज नाही. लहानपणीच सुरुवात केली तर कान चांगला तयार होतो म्हणतात, तसा तुमचा अनुभव आहे का?

तिला विचारलं तर मैत्रीण जाईल तिथे जायचंय!

ज्यांच्या मुलांनी या वयात यातलं काही शिकलंय त्यांनी कृपया सांगा. आणि वर्ग निवडण्याआधी शिक्षकांना नेमकं काय विचारावं?