मदत हवी आहे: राजापूरकडे समुद्राजवळची 23 एकर जंगलासारखी जमीन, सामाईक सातबारा

नमस्कार मंडळी,

मी रावेर तालुक्यातला केळी उत्पादक शेतकरी. रत्नागिरी जिल्ह्यात, राजापूर तालुक्यात समुद्राजवळ एक मोठा गट विकायला आहे. सातबाऱ्यावर 9 हेक्टर 20 आर, म्हणजे जवळपास पावणेतेवीस एकर. त्यातले 3 हेक्टर पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य. वर कातळाचा सडा (उघडं खडकाळ पठार), खाली उतारावर ऐन, किंजळ, जांभळी आणि करवंदाच्या जाळ्या. आम्हाला तिथे प्लॉट पाडायचे नाहीत, आंबा-काजूची कलमंही लावायची नाहीत. वरच्या अंगाला दोन खोल्या बांधायच्या, बाकी आहे तसं राहू द्यायचं.

गेल्या वैशाखात वडिलांना घेऊन बघायला गेलो होतो. उताराच्या मध्यावर पऱ्या (छोटा ओढा) आहे, ऐन उन्हाळ्यात त्याला बोटभर धार होती. वडील खाली बसले, ओंजळीने पाणी प्यायले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. आमच्या मळ्यातल्या ज्या विहिरीवर त्यांनी लहानपणी मोट चालताना पाहिली, ती आज कोरडी आहे. दर दोन-तीन वर्षांनी बोअर खोल करावी लागते. सातपुड्यातून येणाऱ्या आमच्या नाल्याला पावसाळ्यातले चार दिवस सोडले तर पाणी नसतं. केळीसाठी आम्हीच उपसा केला, दुसऱ्या कुणाला काय बोल लावू? म्हणून ही जागा कुणी तोडायच्या आत घ्यावी असं फार वाटतं.

आता अडचण. खातं सामाईक, 14 नावं. त्यातले तिघे मयत, वारस नोंद झालेली नाही, बाकी बहुतेक मुंबईला. दलाल म्हणतो, त्यातल्या दोघा भावांच्या सहीवर 5 लाख इसार द्या, उरलेल्यांची मुखत्यारपत्रं मागाहून आणून देतो. माझ्या चुलत्यांनी असंच अर्ध्या सह्यांवर रान घेतलं आणि अकरा वर्षं तारखा केल्या. त्यामुळे माझा हात पुढे होत नाही. आधी वारस नोंद आणि सगळ्यांची संमती, मगच इसार, हा आग्रह तिकडे चालतो का?

शेतकरी दाखला आहे, त्यामुळे कूळकायद्याच्या कलम 63 ची (बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेण्यास बंदी) अडचण नाही. सिलिंगही (कमाल जमीनधारणेची मर्यादा) तपासलं, जिरायतीला 54 एकर, आमची 8 एकर बागायत धरूनही मर्यादेत बसतो.

खरी धास्ती झाडांची आहे. सातबाऱ्यावर इतर हक्कात वनाचा शेरा नाही. पण 1975 च्या खाजगी वन कायद्यात किंवा त्याआधीच्या भारतीय वन कायद्याच्या कलम 35 च्या नोटिशीत हा गट असेल आणि शेरा मारायचाच राहिला असेल, तर? असं कुणाचं झालंय का? जुने फेरफार काढायला दिले आहेत, पण वन खात्याकडून लेखी उत्तर मिळवायला नेमका कुणाकडे अर्ज करायचा, हे कळत नाही.

शिवाय खालची हद्द भरतीरेषेपासून 400 मीटरच्या आसपास येते, म्हणजे सीआरझेडच्या (किनारी नियमन क्षेत्र) 500 मीटरच्या पट्ट्यात. घर वरच्या टोकाला, पट्ट्याबाहेर बांधायचं आहे. गटाचा थोडा भाग आत असला तरी बाहेरच्या बांधकामाला परवानगी लागते का? आणि भरतीरेषेचा मंजूर नकाशा गटनकाशावर बसवून कोण देतं?

राजापूर-देवगड भागात स्वतः जमीन घेतलेल्यांनी कृपया अनुभव लिहा. दलालाने पौर्णिमेपर्यंतच मुदत दिली आहे.